कोणती ओळ

लातूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय दर्शनी,

चूक फोनवर वाचून दाखवता येत नाही, म्हणून मेल लिहिते आहे. शिवाय तू फोन उचलत नाहीस.

दानम्मा मॅडमनी फाइलींचं काम मला दिल्याचं तुला कळलं असेलच. दोन्ही जिल्ह्यांतल्या विहिरींत आणि बोअरमध्ये संस्थेनं पाणी मोजायचे मापक सोडले, त्यांचे तासातासाचे आकडे. लातूरच्या फाइली आमच्याकडच्या, नांदेडच्या तू गावोगाव फिरून नोंदवलेल्या. त्या सगळ्या एकत्र वाचायच्या आणि कुठल्या विहिरीचं पाणी सगळ्यांत खोल गेलं ते काढायचं. त्या विहिरींना उन्हाळ्याच्या आत संस्था पुनर्भरणाचा खड्डा करून देणार. यादीत नाव आलं तर खड्डा, नाही तर नाही. एवढं ते साधं आहे.

एका कॉम्प्युटरला हे पेलणारं नाही. म्हणून ऑफिसात पाच कॉम्प्युटर जोडून दिलेत आणि त्यांच्यावर स्पार्क घातला आहे. तो काम पाचही जणांत वाटून देतो. कोर्सला शिकलो तेच. म्हणजे तू शिकलीस, मी तुझ्याकडून उतरवून घेतलं.

तर झालं असं. फाइली माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. मी उघडून बघते, दिसतात. स्पार्कला त्यांचा पत्ता दिला की तो म्हणतो, अशी फाइलच नाही. पत्त्यातलं अक्षर न् अक्षर तपासलं. पुन्हा तेच.

मॅडम परवा येऊन शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "घाई करू नको. तुझ्याकडं काम दिलं ते उगं न्हाई दिलं." तुला सांगावंसं वाटलं.

नांदेडच्या मुख्य ऑफिसात डेटाचं सगळं बघायला एकीला कायम नेमणार आहेत म्हणे. तिथे कुणी काही बोलतं का?

तुझी
वर्षाराणी


नांदेड
३ डिसेंबर २०२४

राणीसरकार,

फोन उचलला नाही, कारण मी बिलोलीकडे एका बोअरवर उभी होते आणि हात चिखलात होते. तुमच्याकडे ऑफिसात पंखा असेल.

चूक पत्त्यात नाही. तू पाच जणांना एकच पत्ता दिलास: डावीकडचं कपाट, दुसरा खण. पाचही जण आपापल्या घरी गेले आणि आपापलं डावीकडचं कपाट उघडून बघितलं. फाइल फक्त तुझ्या कपाटात आहे. बाकीचे चौघे नाही म्हणतात ते खरंच सांगतात. फाइली सगळ्यांना दिसेल अशा एका सामाईक जागी ठेव आणि त्या जागेचा पत्ता दे. तुमच्या सर्व्हरवर तशी जागा आहे. मागच्या वर्षी मीच करून घेतली होती.

नेमणुकीचं इथे सगळेच बोलतात. खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे, त्याच्याबाहेर कडुलिंब आहे. मॅडम मार्चच्या आत ठरवणार असं ऐकते. मला ती जागा हवी आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आईला सोडून मी कुठे जाऊ शकत नाही आणि गावं फिरण्याचं हे चौथं वर्ष आहे.

मॅडमनी तुला काम उगं दिलं नसेल. मला त्या म्हणाल्या, "प्रियदर्शनी गावात लागते. तू गेलीस की बाया बोलतात." चांगलंच म्हणाल्या. स्पार्क मला येतो का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

आई सहा तारखेसाठी चैत्यभूमीला निघाली आहे. डबा बांधते आता.

प्रियदर्शनी


लातूर
१६ डिसेंबर २०२४

प्रिय दर्शनी,

झालं. सामाईक जागी ठेवल्या आणि पाचही जणांना दिसल्या. तू सांगितलंस ते कपाटाचं आता विसरणार नाही.

एक सांगते. रागावू नकोस. मॅडमनी विचारलं, कसं सापडलं. मी म्हटलं, वाचून काढलं. तुझं नाव तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात त्या दुसरंच बोलायला लागल्या. मग राहून गेलं.

आता दुसरी चूक. कोणत्या रकान्यात काय असतं ते स्पार्क थोड्या ओळी बघून ताडतो. सगळ्या बघायला लावल्या तर फार वेळ जातो, म्हणून मीच त्याला थोड्या बघायला सांगितलं. गट नंबरच्या रकान्यात त्याला नंबर दिसले. त्यानं ठरवलं, इथे नंबरच असणार. पुढे कुठेतरी नंबर नसलेलं काही आलं आणि सगळं थांबलं. वैताग असा, की वाचताना तो काही बोलत नाही. वाचलं म्हणतो. यादी मागितली की मग सांगतो, मला वाचता आलंच नव्हतं.

चुकीचा मजकूर फार लांब आहे. कामापुरता देते: पूर्णांक अपेक्षित होता, ओळ वाचता आली नाही, काम थांबवलं.

गुरुवारी मॅडम यादी बघायला येणार आहेत. तोवर झालं नाही तर मला तोंड दाखवायला जागा नाही. अण्णा म्हणतात, नांदेडला नेमणूक झाली तर स्थळं बघायचं वर्षभर थांबवू. झाली नाही तर उन्हाळ्यात लग्न. रेणापूरला बसून मी काय करणार ते तूच सांग.

लवकर लिही.

वर्षाराणी


नांदेड
१६ डिसेंबर २०२४

प्रिय वर्षा,

गुरुवारी मॅडम येणार म्हणजे तुझ्याकडे वेळ नाही. सोपं करते.

वाचताना एक पर्याय देता येतो. साच्यात न बसणारी ओळ आली तर थांबायचं नाही, ती गाळून पुढे जायचं. पर्यायाचं नाव खाली दिलं आहे, जसंच्या तसं टाक. चूक येणार नाही.

मापक कधीकधी काहीबाही लिहितात. इतक्या ओळींतून थोड्या गेल्या तर यादीला काही होत नाही. मनाच्या खात्रीसाठी नंतर एकूण ओळी मोजून बघ.

वाचून काढलंस असं मॅडमना सांगितलंस ते बरं केलंस. आताही तसंच सांग.

तुझी
प्रियदर्शनी


लातूर
३० डिसेंबर २०२४

प्रिय दर्शनी,

यादी झाली. मॅडमसमोर एका दमात सगळ्या फाइली वाचल्या गेल्या. कुठे अडकलं नाही. ओळी मोजून दाखवल्या, जेवढ्या असायला हव्यात तेवढ्या भरल्या. म्हणजे गळलं काहीच नाही. मॅडमनी संध्याकाळी पेढे मागवले.

या वेळी मी तुझं नाव घेतलं. नुसतं घेतलं नाही, लिहून ठेवलं. तू सांगितलेली ती ओळ प्रोग्रॅममध्ये जिथे आहे, तिच्या डोक्यावर लिहिलं आहे: ही सोय प्रियदर्शनीने सुचवली. जो कुणी प्रोग्रॅम उघडेल त्याला दिसेल. मॅडमनी वाचलं आणि मान हलवली. मग अर्धा तास त्या तुझ्याबद्दलच बोलत होत्या. देगलूरकडे कुठल्या वस्तीवर बाया विहिरीत मापक सोडू देत नव्हत्या आणि तू त्यांच्यासोबत भाकरी खाऊन तो कसा बसवून आलीस ते. मी पेढा हातात धरून ऐकत होते.

तुला वाटतं कौतुक माझ्या वाट्याला येतं. तू समोर नसतेस तेव्हा मॅडम काय बोलतात ते तू ऐकत नाहीस. मी ऐकते.

यादी नांदेडला गेली आहे. जानेवारीत गावोगाव लागेल. जागेबद्दल मॅडम म्हणाल्या, "बघू. जवळजवळ ठरल्यासारखंच हाय." कुणाचं ठरलं ते म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

वर्षाराणी


नांदेड
२१ जानेवारी २०२५

प्रिय वर्षा,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. जागा तुझी झाली असं धरूनच मी चालले होते. तरी रोज सकाळी ते खिडकीजवळचं टेबल पुसत होते. सवय असते.

परवा देगलूरकडे गेले होते. माझे मामा तिथे राहतात, सटवाजी मामा, आईचे थोरले भाऊ. वस्ती गावाबाहेर, गायरानावर. आजोबांनी ती जमीन वहितीखाली आणली. आज तिसरी पिढी ज्वारी, तूर काढते. सातबारा अजून नाही. मामांनी तिथे विहीर खोदली, ती जानेवारीतच तळ दाखवते. वस्तीवर सगळ्यांचं पाणी तेवढंच.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली होती. मामा मला हाताला धरून तिथे घेऊन गेले. बोट लावत खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "माझी हीर कुठं गेली मनावं?"

मी म्हटलं, राहिली असेल. बघते.

"पयले सरकारच्या कागदात न्हवतो," ते म्हणाले, "आता कॉम्प्युटरात बी न्हाई." रागानं म्हणाले नाहीत. सांगितल्यासारखं म्हणाले.

त्यांच्या वस्तीवरची एकही विहीर यादीत नाही. मुखेडकडच्या दोन वस्त्या बघितल्या, तिथलीही नाही. त्या सगळ्यांची नोंद मी केली होती. मामांच्या विहिरीवर मापक सोडताना गट नंबरच्या रकान्याशी मी अडले होते. मामांना विचारलं, गट नंबर काय लिहू? म्हणाले, "लिही की, सरकारची. न्हाई तर लिही, आमची." मी हसले आणि लिहिलं: गायरान. पुढे सगळ्या वस्त्यांवर तेच लिहीत गेले. दुसरं काय लिहिणार होते?

तुझा स्पार्क जिथे अडकला ती ओळ ही होती.

तू मोजलंस आणि आकडा पुरा भरला. तो भरणारच. नुसतं मोजायला सांगितलं की स्पार्क ओळ उघडत नाही, बाहेरूनच मोजतो. यादी काढायला ओळ उघडावी लागते. गाळतो तो तेव्हा.

हे मला १६ डिसेंबरला माहीत होतं का, असं तू विचारशील. विचारू नकोस. एवढंच सांगते, की कोर्सला असताना कुणी चूक घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असायचा, कोणती ओळ? तुला मी तो विचारला नाही.

मॅडमना अजून काही बोललेले नाही. बोलले तर तुझं काम जाईल, आणि त्या ओळीच्या डोक्यावर माझं नाव आहे. दोन्ही गोष्टी दोन दिवस मनात घोळवते आहे. यातली कोणती मला थांबवते ते मला सांगता येत नाही.

खड्डे खणायला फेब्रुवारीत सुरुवात होणार आहे.

प्रियदर्शनी


लातूर
२३ जानेवारी २०२५

दर्शनी,

विचारत नाही. विचारायची गरज नाही.

होस्टेलवर त्या पर्यायाला तू मुका झाडू म्हणायचीस. झाडतो आणि काय झाडलं ते सांगत नाही. स्वप्नालीनं एकदा वापरला तेव्हा तू तिला मेसमध्ये सगळ्यांसमोर बोलली होतीस, ती रडली होती. १६ डिसेंबरला तुझी मेल वाचली आणि मला पहिल्यांदा तो झाडू आठवला. तरी मी टाकला. गुरुवार जवळ होता.

आता माझं ऐक.

चुकीचा मजकूर मी कामापुरता दिला असं लिहिलं होतं. तो लांब नव्हता. त्यात ती अख्खी ओळ होती, आणि स्पार्कनं स्वच्छ लिहिलं होतं की नंबरच्या जागी 'गायरान' हा शब्द आला. फाइलीचं नावही होतं. नांदेडची फाइल, म्हणजे तुझी. मी शब्द काढला, फाइलीचं नाव काढलं आणि उरलेलं तुला पाठवलं.

का काढलं ते सांगते. तो शब्द बघितलास की ती ओळ तुझी आहे हे तुला लगेच कळलं असतं. तू ती बसल्या जागी दुरुस्त केली असतीस, आणि मॅडमना तूच दाखवलं असतंस की काम कुणाला येतं. मला ते नको होतं. तुझ्या फाइलीत चूक आहे हे पुढे कधीतरी आपोआप निघावं असंही वाटत होतं. ती चूक आहे असंच मी धरून चालले होते. आमच्या घरी अण्णा हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. रेणापूरला आमच्या बांधाला लागूनच गायरान आहे आणि तिथली माणसं मी लहानपणापासून लांबून बघते. त्यांच्या विहिरी यादीत नसल्या तर काही राहून गेलं असं मला वाटलंच नाही. मोजणी पुरी भरली तेव्हा तर सुटल्यासारखं झालं. नुसता तो एक शब्द शोधला असता तरी कळलं असतं. शब्द मला माहीत होता.

तुझं नाव त्या ओळीवर लिहिलं ते आभार म्हणून, असं मी तुला सांगितलं. पुढे काही निघालं तर ते दिसावं, हेही मनात होतं.

तू मॅडमना सांग. तुला तो हक्क आहे. त्याआधी फक्त एवढं सांग, की आता ते नीट कसं वाचायचं.

वर्षाराणी


नांदेड
२४ जानेवारी २०२५

वर्षा,

तुझी मेल आईला वाचून दाखवणार होते. दाखवली नाही. आई तुला चांगली मुलगी म्हणते. होस्टेलवर तिचे धपाटे तूच संपवायचीस.

नीट वाचायचं असं. गट नंबर हा नंबर नाही, नाव आहे. तो रकाना मजकुराचा आहे असं आधीच जाहीर कर. स्पार्कला अंदाज बांधू देऊ नकोस. थोड्या ओळी बघून त्यानं जे ठरवलं ते थोड्याच ओळींचं खरं होतं. बाकीच्या रकान्यांचंही एकेक करून तूच सांग. मग वाचायचा पर्याय असा दे, की साच्यात न बसणारी ओळ गाळायची नाही आणि थांबायचंही नाही, ती जशी आली तशी वेगळ्या रकान्यात ठेवायची. शेवटी त्या ओळी काढून डोळ्यांनी वाच. प्रत्येक. वाचल्याशिवाय कुठलीही टाकू नकोस. नावं खाली दिली आहेत.

चालव आणि काय येतं ते कळव.

तू शब्द काढलास. मी विचारला नाही. विचारला असता तर तुला तो द्यावा लागला असता, आणि तू दिला असतास तर मी तुला तो झाडू दिला नसता. मी यावर पुष्कळ विचार केला. यात कोण आधी होतं ते काही निघत नाही.

सोमवारी मॅडम इथे आहेत. मी त्यांना भेटून सगळं सांगणार आहे, माझं आधी आणि मग तुझं. सांगण्याचं मला भय नाही. खरं म्हणजे, ते सांगताना त्यांच्या मनात मी कशी दिसेन याचाच विचार कालपासून करते आहे. हे तुला का लिहिते आहे कुणास ठाऊक.

प्रियदर्शनी


लातूर
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दर्शनी,

तू फोन उचलत नाहीस, तेव्हा हेही लिहूनच सांगते.

तुझी मेल आली त्याच दिवशी नव्यानं चालवलं. सगळ्या ओळी आल्या. साच्यात न बसलेल्या खरंच थोड्या होत्या, मापकांनी लिहिलेला कचरा, तो एकेक वाचून बाजूला केला. गायरानाच्या ओळी गट नंबरांच्या मधोमध नीट येऊन बसल्या. नांदेडच्या पुष्कळ. लातूरच्याही होत्या, दर्शनी. आमच्या रेणापूरच्या बांधापलीकडची विहीरसुद्धा. तिचं पाणी आमच्या विहिरीपेक्षा कितीतरी खोल आहे. मी तिथेच वाढले आणि मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मॅडम लातूरला होत्या. मी दोन्ही याद्या घेऊन गेले. सोमवारपर्यंत थांबले असते तर माझा धीर गेला असता. सांगितलं की चुकीत शब्द दिसला होता, मी तो दाबला, ओळी झाडू दिल्या आणि पुरी मोजणी दाखवून पेढे खाल्ले. तुझ्याबद्दल एवढंच सांगितलं की चूक तू शोधलीस आणि दुरुस्ती तू दिलीस. त्या जुन्या ओळीवरचं तुझं नाव मी काढून टाकलं आहे.

त्या खूप वेळ याद्या बघत राहिल्या. "जा," एवढंच म्हणाल्या. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, माझं काम गेलं म्हणून समजा. आई स्थळाच्या माणसांना फोन करायला बसली.

काल मॅडमचा फोन आला. नांदेडची जागा मला दिली आहे. मी म्हटलं, चुकून दिलीत का? त्या म्हणाल्या, "जी आपण होऊन येऊन सांगते तिच्या हाती फाइली देता येतात. बाकी समद्यांना स्पार्क येतोच." प्रियदर्शनीचं काय, असंही विचारलं. म्हणाल्या, "ती काही बोलायला आली न्हाई."

मी त्यांना सांगू का, की तू येणार होतीस? सांगितलं तर त्या विचारतील, काय सांगायला. आणि मग सगळंच सांगावं लागेल.

सोमवारपासून रुजू व्हायचं आहे. तू सांगशील तर नाही म्हणते. खरंच म्हणते. ये म्हणशील तरच येईन.

वर्षाराणी


नांदेड
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वर्षा,

ये. विचारतेस काय.

मी सोमवारी जाणार होते. साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली होती. तू शनिवारी गेलीस. आजवर मला वाटायचं, काम तुला आधी मिळतं, कौतुक तुला आधी मिळतं. आता खरं बोलणंही तू माझ्या आधी उरकलंस. ऑफिसात सकाळीच कळलं की तू लातूरला मॅडमना सगळं सांगितलंस. मी मागून गेले असते तर तुझं ऐकून आल्यासारखं दिसलं असतं. म्हणून दारापर्यंत जाऊन परत आले. ते बरोबर नव्हतं. मॅडमनी जागा योग्य हाती दिली; ती तुझ्याकडेच जायला हवी, हे मला त्या दारातच कळलं होतं.

एक कर. जुनी ओळ काढून टाकू नकोस, बंद करून प्रोग्रॅममध्येच ठेव आणि माझं नाव तिच्या डोक्यावर परत लिही. मॅडमनी विचारलं तर मी सांगेन. चांगलं झालं ते सगळं तुझं असू दे. चूक तरी माझी मला हवी.

काल मामांकडे गेले होते. नवी यादी भिंतीवर लागली आहे. त्यांनी आपल्या विहिरीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. मागे माणसं खोळंबली.

"कुणी चढवलं गं?" ते म्हणाले. "तूच न्हाई का?"

मी हो म्हणू शकले असते. त्यांना तिथे कोण सांगायला येणार होतं?

"माझी मैत्रीण हाय," मी म्हटलं. "वर्षाराणी."

"कुठली?"

"रेणापूरची."

"कुणाच्यातली?"

मी सांगितलं. मामांनी बोट काढलं. वस्तीपर्यंत चालत आलो. विहिरीच्या काठावर, जिथे खड्डा घ्यायचा तिथे त्यांनी चुन्यानं गोल आखून ठेवला आहे. तिथे उभं राहून म्हणाले, "तिला मनावं, पाणी लागलं की प्यायला ये."

मामांचा निरोप तुला दिला. जाशील का ते तुझं तू ठरव. गेलीस तर मी सोबत येईन, रस्ता तुला सापडणार नाही.

उद्या लवकर ये. खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवलं आहे. इतके दिवस ते मी माझ्यासाठी पुसत होते.

प्रियदर्शनी